वीस ग्रॅमांची देवघेव

जुन्या कॅलेंडरच्या पानाचं घरी केलेलं पाकीट. आत हाताने रंगवलेली तीन छोटी कार्डं, विडीच्या बंडलावरचं एक लेबल, एसटीचं पंच मारलेलं तिकीट आणि चार ओळींची चिठ्ठी. एवढा ऐवज पोस्टाने एखाद्या अनोळखी माणसाला पाठवायचा आणि त्याने त्याच तोलाचा ऐवज परत करायचा, असा एक छंद जगभर चालतो. यात टपालखर्चाशिवाय पैशाचा संबंध येत नाही. छंदिष्ट मंडळी त्याला सरळ ‘स्वॅप’ म्हणतात. ज्या शहरात देशाची टपाल तिकिटं छापली जातात, त्या नाशिकला तर हा छंद घरचाच वाटायला हवा. पण नाशिकरोडची ‘प्रेस’ म्हटलं की आपल्याला आधी नोटा आठवतात, तिकिटं नंतर.

या छंदाला लहर पुरत नाही. त्याची घडण ठरवली आहे टपाल खात्याच्या नियमांनी. वजन किती, जाडी किती, पाकीट वाकतं की नाही, या प्रश्नांची उत्तरं पोस्टाच्या खिडकीवर मिळतात आणि कलाकृती त्यांच्याच मापाने बेतावी लागते.

देवघेव चालते कशी

सर्वांत साधी रीत दोघांमधली. तू मला पाच जुनी काडेपेटीची लेबलं दे, मी तुला पाच हातकागदाची कार्डं देतो. दुसरी रीत गटाची. एक जण यजमान होतो, विषय आणि मुदत ठरवतो. समजा विषय आहे ‘नदी’. दहा जण प्रत्येकी दहा कार्डं करून, परतीच्या टपालखर्चासह यजमानाकडे पाठवतात. यजमान ती पिसतो आणि प्रत्येकाला दहा वेगवेगळ्या हातांची कार्डं परत जातात. या प्रकारात सर्वांत रूढ झालेलं माप म्हणजे अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे पत्त्याच्या पानाएवढं. 1997 च्या सुमारास झुरिकमध्ये एम. व्हेंची स्टिर्नेमान या कलाकाराने ‘आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड’ ही कल्पना मांडली, तिचा एक दंडक होता: ही कार्डं विकायची नाहीत, फक्त बदलायची.

तिसरी रीत पोस्टक्रॉसिंगची. पाउलो मगाल्याइश या पोर्तुगीज तरुणाने 14 जुलै 2005 रोजी ती सुरू केली. तुम्हाला एका अनोळखी व्यक्तीचा पत्ता आणि एक क्रमांक मिळतो. भारतातून निघालेल्या कार्डाचा क्रमांक ‘आयएन’ या अक्षरांनी सुरू होतो. कार्ड पोचलं, समोरच्याने क्रमांक नोंदवला, की तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी दिला जातो. म्हणजे ज्याला दिलं त्याच्याकडून परत येत नाही, दुसऱ्याच देशातून येतं. आणखी एक गमतीचा प्रकार म्हणजे फिरती वही. तळहाताएवढी, चार पानांची. मिळेल त्याने एक पान सजवायचं, पत्ता लिहायचा आणि पुढे पाठवायची. शेवटचं पान भरणाऱ्याने ती मूळ मालकाकडे रवाना करायची.

टपालालाच कलेचं माध्यम करण्याचं श्रेय बहुतेक वेळा अमेरिकेच्या रे जॉन्सनला देतात. 1950 च्या दशकापासून तो मित्रांना चिकटचित्रं पाठवून ‘यात भर घाला आणि पुढे धाडा’ असं सांगत असे. आपल्याकडे मासिकांच्या पत्रमैत्रीच्या सदरांनी दोन पिढ्यांना अनोळखी पत्त्यांवर लिहायची सवय लावली होतीच.

वजनाचं गणित

देशांतर्गत साध्या पत्राला पहिल्या वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपये पडतात. या वीस ग्रॅममध्ये काय काय बसतं? ए-फोर आकाराचा ऐंशी जीएसएमचा कागद पाच ग्रॅमचा असतो. पाकिटाला साधारण एवढंच वजन लागतं. पत्त्याच्या मापाचं तीनशे जीएसएमचं कार्ड पावणेदोन ग्रॅमच्या आत. अशी तीन कार्डं, अर्ध्या कागदाची चिठ्ठी आणि चार-पाच जुनी तिकिटं-लेबलं घातली तरी काटा वीसच्या खाली राहतो. मणी, बटण किंवा जाड पुठ्ठा घातला की गणित चुकतं. शिवाय फुगीर पाकीट शिक्का मारताना फाटतं. म्हणून मुरलेले लोक सगळं सपाट ठेवतात. उठाव हवा असेल तर कागदावर कागद चिकटवतात किंवा बोथट सुईने मागून दाबून नक्षी उठवतात.

पाकीट करण्याची रीत सोपी, पण तिच्यात बारकावे आहेत. कॅलेंडरचं पान आधी हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून बघावं. ज्या दिशेने ते निमूट वाकतं, त्या दिशेने कागदाचे तंतू असतात. लांब घडी त्याच दिशेने घातली तर कडा सरळ येते, आडवी घातली तर घडीवर रंग तडकतो. घडी नखाने दाबू नये, चमच्याची पाठ फिरवावी. चिकटवायला पातळ डिंक वापरला की कागद पोचे धरतो, त्यापेक्षा गव्हाच्या पिठाची घट्ट खळ बरी. बुकबाइंडर त्या खळीत कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकतात. ते विषारी असतं, मुलांसोबत काम करताना टाळावं. पाकिटावर चित्र असेल तर पत्त्यासाठी पांढऱ्या कागदाची पट्टी डकवावी आणि पिन कोड मोठ्या, सुट्या आकड्यांत लिहावा. पत्ता वाचता आला नाही तर सगळी कलाकुसर वाया जाते.

तिकीटही या कलेचा भाग. पाच रुपयांचं एक लावण्यापेक्षा एक रुपयाची पाच वेगवेगळी लावली तर घेणाऱ्याला पाच चित्रं मिळतात. पूर्वी संग्राहक पाकीट कोमट पाण्यात भिजवून तिकीट सोडवत. स्वॅपवाले पाकीट अख्खं ठेवतात, कारण शिक्क्यावरचं पोस्टाचं नाव आणि तारीख हाच त्या वस्तूच्या प्रवासाचा दाखला असतो.

नाशिक छपाई

इथे नाशिकचा धागा येतो. 1854 साली अखिल हिंदुस्थानसाठीची पहिली तिकिटं कोलकात्यात छापली गेली, पण लवकरच ते काम लंडनच्या डी ला रू कंपनीकडे गेलं आणि सत्तरेक वर्षं तिथेच राहिलं. 1925 मध्ये नाशिकरोडला मुद्रणालय उभं राहिलं आणि 1926 पासून पंचम जॉर्जच्या छबीची तिकिटं इथे छापली जाऊ लागली. कागदातलं जलचिन्ह बदललं, अनेक ताऱ्यांचं आलं. त्यामुळे एकाच चित्राच्या तिकिटात लंडन छपाई कोणती आणि नाशिक छपाई कोणती, हे जगभरचे संग्राहक कागद उजेडात धरून ठरवतात. 1929 ची हवाई टपालाची मालिका आणि 1931 ची नव्या दिल्लीच्या उद्घाटनाची मालिका नाशिकचीच. ब्रह्मदेश वेगळा झाल्यावर त्याची 1938 ची तिकिटंही इथून गेली. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, 21 नोव्हेंबर 1947 चं तिरंग्याचं आणि ‘जय हिंद’ लिहिलेलं, साडेतीन आण्यांचं, तेही नाशिकचं. 1948 ची गांधीजींची तिकिटं मात्र स्वित्झर्लंडमध्ये छापून घ्यावी लागली, कारण फोटोग्रॅव्ह्यूअर हे तंत्र तेव्हा आपल्याकडे नव्हतं. ते नाशिकला आलं आणि 1 ऑक्टोबर 1952 रोजी कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ यांची मालिका निघाली.

म्हणून फिनलंडच्या एखाद्या छंदिष्टाला नाशिकमधून पाकीट जातं तेव्हा आतला कागद नाशिकचा असतो आणि वरचं तिकीटही बहुधा नाशिकचंच. समोरच्याला हे चिठ्ठीत सांगितलं तर तो तिकीट पुन्हा निरखून पाहतो.

आपल्याकडचा जुना कागद

एकदा वापरून फेकायच्या कागदाला संग्राहक ‘इफेमेरा’ म्हणतात: तिकिटं, लेबलं, पावत्या, हँडबिलं, लग्नपत्रिका, सिनेमाच्या गाण्यांची चोपडी. परदेशी दुकानांत अशा कागदांच्या नकला छापून ‘व्हिंटेज’ म्हणून पुडक्याने विकतात. आपल्याकडे अस्सल माल माळ्यावरच्या ट्रंकेत आणि रद्दीच्या दुकानात असतो. सिन्नर हे विडीचं जुनं केंद्र, तेव्हा बंडलावरची लेबलं आली. येवल्याला संक्रांतीचा पतंग, म्हणजे रंगीत पतंगी कागदाचे कपटे आले. कापडाच्या ताग्यांवर एके काळी देवादिकांची रंगीत तिकिटं डकवलेली असत. रेल्वेचं पुठ्ठ्याचं जाड तिकीट, सव्वादोन इंच लांबीचं, तर आता परदेशी संग्राहकही आवर्जून मागतात.

रंगीत छपाईची गोष्ट नाशिक जिल्ह्याशीही येऊन भिडते. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याची चित्रं कॅलेंडरांवर, पोस्टकार्डांवर, काडेपेट्यांवर पोचली. त्या छापखान्यासाठी काम केलेल्यांत होते त्र्यंबकेश्वरला 1870 साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके. पुढे त्यांनी सिनेमा काढला, 1918 मध्ये नाशिकमध्ये हिंदुस्तान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. 1971 साली त्यांच्यावर निघालेलं टपाल तिकीट नाशिकरोडच्याच प्रेसचं. छापील चित्रावर पुन्हा हात चालवण्याची रीतही आपल्याकडे जुनी. रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींना घरोघरच्या बायका जरीची पातळं, टिकल्या, मोती चिकटवत. जुनं छापील चित्र घेऊन नवं काहीतरी करणं म्हणजे ‘मिक्स्ड मीडिया’, हे तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

कागद टिकतो कसा, जातो कसा

शंभर वर्षांपूर्वीची पोथी पांढरी राहते आणि 1970 मधलं वर्तमानपत्र हातात तुटतं. कारण कागदातच आहे. जुना हातकागद चिंध्यांपासून व्हायचा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा आणि जुन्नरचा कागद त्यासाठी नावाजलेला होता. यंत्राचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात तुरटी आणि राळ. त्यातून तयार होणारं आम्ल तंतूंना खात जातं. म्हणून जुन्या लेबलाला सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर अजिबात करू नये. पाकिटात त्याच्यामागे हातकागदाचा तुकडा आधाराला द्यावा. पुण्यात के. बी. जोशी यांच्या पुढाकाराने 1940 मध्ये हातकागद संस्था उभी राहिली, तिच्यामुळे सुती कापडाच्या चिंध्यांपासूनचा कागद मराठी घरांत पुन्हा ओळखीचा झाला.

काय पाठवू नये

परदेशी देवघेवीत एक कायदा नेहमी विसरला जातो. 1972 च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार वैज्ञानिक, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यमूल्य असलेली हस्तलिखितं आणि दस्तऐवज पंचाहत्तर वर्षांहून जुने असतील तर ते पुरावशेष ठरतात, इतर वस्तूंना ही मर्यादा शंभर वर्षांची. त्यांची निर्यात खासगी माणसाला करता येत नाही. आजोबांच्या दप्तरातला मोडीतला जुना कागद सुंदर दिसतो म्हणून जर्मनीच्या मित्राला पाठवून देणं अंगाशी येऊ शकतं. असा कागद आधी मोडी जाणणाऱ्याला दाखवावा. काही निघालं तर नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या, 1840 पासून कागद सांभाळत आलेल्या संस्थेत विचारावं.

दुसरी गोष्ट वाळलेल्या पाना-फुलांची. कार्डावर पिंपळपान चिकटवणं आपल्याला सहज सुचतं, पण ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांचे जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत, तिथे असं पाकीट अडतं. पानाचं चित्र काढावं. तिसरी, पोच हवी असेल तेव्हाची. 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, त्यामुळे स्वस्तातल्या रजिस्टरच्या सवयीने खर्च धरू नये. बहुतेक स्वॅपवाले साध्या टपालानेच पाठवतात आणि क्वचित एखादं पाकीट गहाळ होणार हे गृहीत धरतात. म्हणूनच दुसऱ्यांदा मिळणार नाही अशी वस्तू पाकिटात घालायची नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने विकतचं काही आणू नये. घरातले जुने कागद समोर पसरावेत आणि दोन ढीग करावेत: ज्याची दुसरी प्रत आहे ते एकीकडे, ज्याची नाही ते दुसरीकडे. दुसरा ढीग मागे तारीख-ठिकाणाची चिठ्ठी ठेवून जपावा. पहिल्यातून पाच चिठोरे उचलावेत, प्रत्येकाबद्दल एक ओळ लिहावी. सिन्नरचं लेबल कुठल्या गल्लीतल्या दुकानातून आलं, तिकीट कुठल्या प्रवासाचं, हे समोरच्याला दुसरं कुणी सांगू शकत नाही. त्या एका ओळीनेच रद्दीचा कपटा देण्याजोगा होतो, आणि तिचं वजन ग्रॅमभरही होत नाही.