बाकावर बसलेल्या खेळाडूचं काय?

कॉलेजच्या बास्केटबॉल संघात मुलीची निवड झाली की घरात पेढे येतात. नवे बूट घेतले जातात, नातेवाइकांना फोन जातात. पहिल्या सामन्याला आई-बाबा हौसेने जाऊन बसतात आणि लेक मात्र पूर्ण वेळ बाकावर. असे दोन-तीन सामने गेले की प्रश्न येतोच : खेळवायचंच नसेल तर रोज पहाटे सरावाला कशाला जायचं?

आधी थोडं गणित पाहू. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सामना 10 मिनिटांच्या 4 सत्रांचा असतो. संघात 12 जणी, मैदानावर 5. म्हणजे वाटायला एकूण 200 मिनिटं. मुख्य पाच जणी प्रत्येकी 32 मिनिटं खेळल्या, तर 160 मिनिटं तिथेच संपली. उरलेली 40 मिनिटं सात जणींत वाटायची. वाट्याला सहा मिनिटंही येत नाहीत.

पण या खेळात खेळाडू कितीही वेळा बदलता येतात आणि बाहेर गेलेली खेळाडू परत येऊ शकते. पाच फाउल झाले की मात्र कितीही मोठी खेळाडू असो, सामन्यातून बाद. त्यामुळे बाकावरच्या कोणालाही कधीही उभं राहावं लागतं. तिला त्या क्षणासाठी तयार ठेवणं हे प्रशिक्षकाचं काम.

स्मिथ यांची ‘ब्लू टीम’

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलला आपल्याकडच्या क्रिकेटसारखं वेड आहे. तिथे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे डीन स्मिथ 1961 ते 1997 प्रशिक्षक होते. मायकेल जॉर्डन त्यांचाच विद्यार्थी. स्मिथ यांनी राखीव खेळाडूंची ‘ब्लू टीम’ केली होती. पहिल्या सत्रार्धात ही तुकडी एकत्रच मैदानात उतरायची आणि एक-दोन मिनिटं जीव तोडून खेळायची. तेवढ्यात मुख्य खेळाडूंना दम घ्यायला मिळायचा आणि राखीव मुलांना खऱ्या सामन्याची सवय व्हायची.

दमलेल्या खेळाडूने मूठ वर केली की स्मिथ त्याला बाहेर घेत. परत कधी उतरायचं ते तो स्वतः ठरवायचा. त्यामुळे दमलो म्हणण्यात कमीपणा राहिला नाही आणि बाकावरच्यांनाही संधी मिळू लागली.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना घरच्या मैदानावरील अखेरच्या सामन्यात ते सुरुवातीपासून उतरवत, मग तो वर्षभर बाकावर बसलेला का असेना. एका वर्षी अशी सहा मुलं होती. स्मिथ यांनी सहाही जण उतरवले आणि त्याबद्दलचा टेक्निकल फाउल पत्करला, पण एकालाही वगळलं नाही.

एकही सामना सुरू न करता

यूसीएलए विद्यापीठाचे जॉन वुडन यांची पद्धत निराळी. 1964 ते 1975 या काळात 10 राष्ट्रीय विजेतेपदं मिळवणारे वुडन सामन्यात मोजकेच सात-आठ खेळाडू वापरत. त्यांच्याकडे स्वेन नेटर हा उंचापुरा सेंटर होता. त्याच जागेवर बिल वॉल्टन हा देशातला सर्वोत्तम खेळाडू खेळत असल्याने नेटरने कॉलेजचा एकही सामना सुरुवातीपासून खेळला नाही. त्याला खेळायला फार मिळणार नाही, पण रोज सर्वोत्तम सेंटरविरुद्ध सराव मिळेल, याची कल्पना आधीच दिलेली होती.

1973 मध्ये एनबीएच्या निवडीत नेटर पहिल्याच फेरीत घेतला गेला. पुढे 1979-80 च्या हंगामात रिबाउंडमध्ये तो एनबीएत अव्वल ठरला. वुडन यांच्याशी त्याचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. मिनिटं थोडी मिळाली, पण त्याची फसवणूक झाली नव्हती.

बेंगळुरूतले दोन गुण

जुलै 2017 मध्ये महिलांचा आशिया चषक आपल्या बेंगळुरूत झाला. ‘ब’ गटाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला 75-73 असं हरवलं आणि वरच्या गटात जागा मिळवली. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. ‘अ’ गटात जपानने ऑस्ट्रेलियाला 74-73 ने नमवलं. एक बास्केट इकडची तिकडे झाली असती, तर दोन्ही निकाल बदलले असते. इतक्या अटीतटीच्या सामन्यात राखीव खेळाडूने सांभाळलेली तीन मिनिटंही मोलाची ठरतात.

पालकांनी काय विचारावं?

‘तिला का खेळवत नाही?’ असं विचारलं की प्रशिक्षक बचावाच्या पवित्र्यात जातात. त्याऐवजी हे विचारा : तिला कोणत्या जागेसाठी तयार करताय? सरावात पाच-विरुद्ध-पाच खेळायला मिळतं का? पुढच्या दोन महिन्यांत तिने काय सुधारावं? शक्यतो हे मुलीनेच विचारावं, सामन्यानंतर लगेच नव्हे, तर दुसऱ्या दिवशी सरावाआधी.

चांगल्या प्रशिक्षकाकडे याची उत्तरं तयार असतात. तो राखीव मुलींच्या चुकाही तितक्याच बारकाईने दाखवतो, कारण चूक दाखवणं म्हणजे लक्ष असणं. उलट वर्षभर कोणी काहीच सांगत नसेल, बॅगा उचलायला आणि पाणी द्यायलाच तिला हाक मारली जात असेल, चारचौघांत अपमान होत असेल, तर दुसरा क्लब शोधण्यात काहीच गैर नाही. संघ बदलता येतो. तिची खेळाची गोडी गेली, तर ती परत आणणं अवघड.