नांदेड किती दूर?

सुलतान बाजारातल्या आमच्या आळीत वर्षातून दोन-तीनदा तरी एक प्रश्न निघतोच. "नांदेडला विमान आहे का हो हल्ली?" त्यातला 'हल्ली' महत्त्वाचा, कारण ते विमान कधी असते, कधी नसते.

१९५६ पर्यंत नांदेड, परभणी, औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला ते मुंबई राज्यात गेले. सोयरिका मात्र तुटल्या नाहीत. मामा, आत्या किंवा व्याही गोदाकाठी नाहीत असे येथले जुने मराठी घर विरळाच.

शमशाबादच्या विमानतळापासून नांदेडच्या विमानतळापर्यंत सरळ रेषेत अंतर सुमारे २४५ किलोमीटर. एटीआर जातीचे पंख्याचे विमान ताशी पाचशेच्या आसपास जाते. म्हणजे अर्धा तास पुरावा. वेळापत्रकात मात्र जवळजवळ तास लिहिलेला असतो. ते खोटे नव्हे. ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतची. तीत धावपट्टीपर्यंतचे रांगणे येते, चढण-उतरण येते आणि वळसाही येतो. शमशाबादच्या धावपट्ट्या पूर्व-पश्चिम, आणि नांदेड वायव्येच्या अंगाला. आवर्तन मोजताना मधल्या मात्रा गाळून चालत नाही, हे आम्ही शिकवणीत रोज सांगतोच!

खरी गंमत पुढेच आहे. शमशाबाद शहराच्या दक्षिणेस. उत्तरेकडे जावयाचे म्हणून प्रथम तासभर उलट्या दिशेने मोटार हाकावयाची. मार्च २००८ पर्यंत विमाने बेगमपेठहून सुटत. ते निदान शहरात होते. तपासणीसाठी आधी पोहोचणे धरले तर घरापासून घरापर्यंत साडेतीन तास होतात. काचीगुड्याची अजिंठा एक्सप्रेस सुमारे पाच तासांत नांदेडला नेते. फायदा दीड तासाचा, तोही विमान त्या दिवशी असेल तर.

२७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेखाली ट्रूजेटचे हैदराबाद–नांदेड विमान सुरू झाले तेव्हा आमच्याकडे पेढे वाटणारी मंडळीही निघाली. तासाभराच्या उड्डाणास निम्म्या आसनांपुरते अडीच हजारांच्या आसपास भाडे, ही त्या योजनेची कल्पना. २०२२ साली त्या कंपनीची उड्डाणे थांबली. पुढे मार्च २०२४ अखेर स्टार एअरने नांदेडला विमाने आणली.

ह्या दोहोंच्या मधले २०२३ साल. पावसाळ्यात एके दिवशी सकाळी दहाला नांदेडहून फोन आला, मामांचे काही खरे नाही, निघ. मला पहिली सरगम ह्याच मामांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, ओसरीवर बसवून शिकवलेली. विमान नव्हतेच. पाऊस असा, की मोटारवाला यावयास तयार होईना. संध्याकाळची गाडी धरली. दिवसभर घरात नुसत्या येरझारा घातल्या. एका मुलीची शिकवणीही घेतली, काय शिकवले ते आठवत नाही.

अडीचशे किलोमीटर म्हणजे काय, ते त्या आठ तासांत कळले. गाडीच्या वेगाबद्दल माझी तक्रार नाही. ती सुटेपर्यंतचा वेळ कोणत्याच कोष्टकात नसतो.

मध्यरात्री पोहोचलो तेव्हा अंगणात माणसे बसली होती. मामी म्हणाली, साडेआठपर्यंत शुद्धीवर होते, तू कुठवर आलास म्हणून दोनदा विचारले.

साडेआठला मी कामारेड्डीच्या आसपास होतो.