न्यायासनावरील चांडीबाई

‘मूर्ती’ हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी. हातात तराजू घेतलेली न्यायदेवताही स्त्रीच. पण ‘न्यायमूर्ती’ म्हटले की ‘आले’, ‘बसले’, ‘म्हणाले’ हीच क्रियापदे परवापरवापर्यंत आपल्या जिभेवर येत होती. न्यायाधीशाच्या खुर्चीत बाई बसलेली पाहायला हिंदुस्थानला १९३७ साल उजाडावे लागले. आणि तो मान मुंबई-कलकत्त्याला नव्हे, दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानाला मिळाला. त्या बाईंचे नाव अन्ना चांडी.

जन्म १९०५ चा, सिरियन ख्रिस्ती घराण्यातला. १९२६ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. केरळ प्रदेशातील कायद्याच्या त्या पहिल्याच स्त्री-पदवीधर. १९२९ पासून त्या वकिली करू लागल्या आणि फौजदारी खटल्यांत त्यांचे नाव झाले. यजमान पोलीस खात्यात अधिकारी! घरात पोलीस आणि कोर्टात आरोपीची वकीलीण, असा तो संसार होता.

त्याच सुमारास त्रिवेंद्रमला एका सभेत टी. के. वेलू पिळ्ळे या विद्वान गृहस्थांनी स्त्रियांना सरकारी नोकऱ्या देऊ नयेत, त्याने संसार मोडतील, असे प्रतिपादन केले. चांडीबाईंनी त्यांचे म्हणणे वकिली बाण्याने एकेक मुद्दा घेऊन खोडून काढले. बायकांचा जन्म केवळ पुरुषांच्या सुखसोयीसाठी आहे काय, हा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. पुढे १९३० मध्ये त्यांनी ‘श्रीमती’ हे मासिक काढले.

१९३१ साली त्या संस्थानच्या श्रीमूलम् लोकसभेसाठी उभ्या राहिल्या. बाई निवडणुकीला उभी राहिली की तिच्या मतांपेक्षा तिच्या चारित्र्याचीच चर्चा अधिक, हा अनुभव त्यांनाही आला. त्या पडल्या. दुसरी एखादी घरी बसली असती. बाई १९३२ मध्ये सभागृहात जाऊन बसल्या!

पण त्यांची खरी परीक्षा दिसते ती १९३५ मध्ये. त्रावणकोरात स्त्रियांना फाशीची शिक्षा माफ होती. चांडीबाईंनी या सवलतीलाच विरोध केला. समान हक्क मागायचे आणि शिक्षेच्या वेळी अबला म्हणून सूट घ्यायची, हे त्यांना पटेना. ही भूमिका कितीजणांना कडू लागली असेल, याची वाचकांनी कल्पना करावी.

दोनच वर्षांनी दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी त्यांना मुन्सफ नेमले. मनात धाकधूक होतीच. आपण चुकलो तर एका अन्ना चांडीचे नव्हे, मागून येणाऱ्या साऱ्या बायकांचे नुकसान होईल, हे त्या जाणून होत्या. चुकलेल्या पुरुष मुन्सफामुळे पुरुषजातीला कोणी नालायक ठरवीत नाही. हे ओझे फक्त पहिल्या बाईच्याच वाट्याला येते.

ते त्यांनी पेलले. १९४८ मध्ये त्या जिल्हा न्यायाधीश झाल्या आणि ९ फेब्रुवारी १९५९ रोजी केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती. १९६७ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी विधी आयोगावर काम केले. १९७३ मध्ये आत्मचरित्र आले. १९९६ मध्ये त्या निवर्तल्या.

आम्ही महाराष्ट्रीय सुधारणेचा वारसा मोठ्या अभिमानाने सांगतो. पण मुंबई उच्च न्यायालयात पहिली स्त्री-न्यायमूर्ती, सुजाता मनोहर, यायला १९७८ साल लागले. केरळच्या मागून एकोणीस वर्षांनी. आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पहिली स्त्री बसली, त्या फातिमा बीवीही केरळच्याच. चांडीबाईंकडे पाहूनच म्हणे त्यांच्या वडिलांनी लेकीला कायदा शिकायला धाडले होते.