बोगद्याने घेतली व्हीआरएस!

आम्हा परभणीकरांना बोगद्याचं भारी अप्रूप. आमच्याकडे सगळी सपाट काळी रानं, रूळही सरळसोट. त्यामुळे नांदेड-पनवेल एक्सप्रेसने निघालं, की पुणं सुटल्यावर बोरघाटासाठी खिडकी पकडायचीच! पण याच घाटातल्या एका बोगद्यातून आता गाडीच जात नाही. त्याने १९२९ सालीच व्हीआरएस घेतलीय.

मागच्या वीकेंडला खास त्याच्यासाठी खंडाळा गाठलं. २०२० मध्ये पाडलेला अमृतांजन पूल जिथे होता, त्या परिसरात एक्सप्रेसवेच्या गोंगाटाशेजारी तो गपचूप उभा आहे.

त्याची गरज संपली कशी? जुन्या मार्गावर घाटात एका ठिकाणी गाडी थांबायची, कारण पुढे रूळच नव्हते. मग इंजिन दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि उलट दिशेने निघायचं. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला, ही कसरत थांबली आणि बोगदा रिकामा पडला.

खरी स्टोरी मात्र बांधकामाची. १८५६ ते १८६३ या काळात घाटात २५ बोगदे खोदले गेले. डायनामाइटचं पेटंट १८६७ चं, म्हणजे तेव्हा ते नव्हतंच. काळ्या पाषाणात हाताने भोकं पाडायची, दारू ठासायची, बत्ती द्यायची आणि पळायचं. कुठे कुठे तर माणसं दोराला बांधून कड्यावरून खाली सोडत. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांवर मजूर इथे राबत होते. त्यातले हजारो कॉलऱ्यासारख्या साथींनी आणि अपघातांनी गेले. १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून त्यांनी दंगाही केला. आपला पगार चार दिवस लांबला तर आपण एचआरला मेलवर मेल टाकतो ना, तसंच. फक्त यांच्याकडे एचआर नव्हतं!

त्याच वर्षी नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको अॅलिस हिने कंत्राट पुढे चालवलं. तिचं नाव इतिहासात राहिलं, आणि राहायलाच हवं. पण पहार धरणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव आपल्याला सांगता येईल?

बघायला जाणार असाल, तर एक्सप्रेसवेवर गाडी थांबवू नका आणि चालू रुळांवरून तर मुळीच चालू नका. तेवढा वेळ नसेल, तर पुढच्या वेळी घाटात मोबाइलची रेंज गेली, की वैतागू नका. तो अंधार कुणीतरी हाताने कोरलाय, एवढं आठवा.