एमआरआयमध्ये गॅप दिसला म्हणजे मानेचं ऑपरेशन लागतंच का?

दसरा झाला की पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यातले ऊसतोड मजुरांचे कोयते निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, काही थेट कर्नाटकात. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घ्यायची, फळीवरून चढायचं, ट्रकमध्ये टाकायची आणि पुन्हा खाली यायचं, असं महिनोनमहिने चालतं. तीस-चाळीस किलोचं ते ओझं सरळ मानेच्या मणक्यांवर येतं. घानातल्या अक्रा शहरात डोक्यावरून ओझी वाहणाऱ्यांची पाहणी 1997 साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या मानेच्या हाडांची झीज ओझी न वाहणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाली. पाथर्डी तालुक्यात मानेचं दुखणं घराघरांत ऐकू येतं, यात म्हणूनच नवल नाही. पण 'मणके जोडायचं ऑपरेशन सांगितलंय' असा निरोप घरी आला की त्या घरात जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं चुकीचं असतं.

सगळ्यांत पक्का गैरसमज गॅपचा. 'मणक्यात गॅप पडलाय' असं सगळेच म्हणतात, पण मणक्यांमध्ये गॅप पडत नाही. घडतं ते उलटच. मधली गादी वाळते, चपटी होते, मागे फुगते आणि कडेनं हाड वाढतं, त्यामुळे जागा कमी होते. वय वाढलं की हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. जपानमध्ये मानेची कसलीच तक्रार नसलेल्या 1,211 माणसांचे एमआरआय काढले, तेव्हा 87.6 टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या दिसल्या. म्हणून नुसत्या फिल्मवर बोट ठेवून कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर थांबावं. फिल्ममध्ये दिसणारं आणि अंगात जाणवणारं एकाच जागचं आहे का, हे हात लावून तपासल्याशिवाय कळत नाही.

दुसरा गैरसमज: नस दबली म्हणजे कापावंच लागणार. मानेतून निघणारी नस दबली की खांद्यापासून बोटांपर्यंत कळ जाते, मुंग्या येतात, रात्र रात्र झोप लागत नाही. हे दुखणं भयंकर असतं, पण बहुतेकांचं ते औषधं, विश्रांती आणि व्यायामानं काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरतं. अमेरिकेतल्या रोचेस्टरमध्ये अशा रुग्णांचा काही वर्षं पाठपुरावा केला गेला. सुमारे चौथ्या हिश्शाला ऑपरेशन लागलं आणि शेवटच्या तपासणीत दहातल्या नऊ जणांना त्रास नव्हता किंवा अगदी किरकोळ होता. हाताची ताकद कमी होत असेल किंवा दीड-दोन महिने नीट उपचार घेऊनही कळ हटत नसेल, तर मग ऑपरेशनचा विचार रास्त आहे. नुसती मान आखडते, चक्कर येते, एवढ्यावर मणके जोडून घेणं मात्र बहुधा वाया जातं. चक्कर बऱ्याचदा कानाच्या आतल्या बिघाडातून येते आणि तिचं खापर मानेवर फुटतं.

तिसरा गैरसमज सर्वांत घातक: 'दुखत नाही ना, मग कशाला काळजी?' मणक्यांच्या मधून मज्जारज्जू जातो. तोच दबू लागला तर अनेकदा कळ येतच नाही. शर्टाची बटणं लावता येईनाशी होतात, हातातून कप निसटतो, कोयत्यावरची पकड ढिली पडते, चालताना तोल जातो, पाय जड वाटतात, लघवीला थांबता येत नाही. घरातले म्हणतात, वय झालं, थकवा आला. घरी एक साधी चाचणी करता येते. दहा सेकंदांत मूठ भराभर उघडायची आणि मिटायची. निरोगी माणसाला वीस वेळा तरी जमतं. त्याहून कमी झालं तर मणक्याच्या डॉक्टरांना दाखवावं. इथे वाट पाहणं महागात पडतं, कारण दाब खूप काळ राहिला तर गेलेली ताकद ऑपरेशननंतरही पूर्ण परत येईलच असं नाही. त्रास मध्यम किंवा जास्त असेल तर ऑपरेशन करावं, असंच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. सौम्य असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबता येतं. अशा माणसानं मान मोडून घेणं, मालिशवाल्याकडून झटका देऊन घेणं कटाक्षानं टाळावं. हातपाय अचानक लुळे पडू लागले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं.

'ऑपरेशन केलं की माणूस अंथरुणाला खिळतो' ही भीतीही खोलवर रुजलेली आहे. मणके जोडायची ही पद्धत 1950च्या दशकापासून वापरात आहे. गळ्याच्या पुढून छोटी चीर देतात, खराब गादी काढतात, तिथे हाडाचा तुकडा किंवा पिंजऱ्यासारखं साधन बसवतात आणि बहुधा धातूची पट्टी लावतात. मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका असतो, पण थोडा. गिळायला त्रास होणं किंवा आवाज बसणं जास्त वेळा घडतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारतं. मान कायमची ताठ होईल असंही नाही. मान वळवण्याचं निम्मं काम वरचे दोन मणके करतात आणि जोडले जातात ते सहसा खालचे. एकच जोड असेल तर कित्येकांना फरक जाणवतही नाही. तीन-चार जोडले तर जाणवतो.

जोडलेलं हाड भरायला काही महिने लागतात आणि तिथे तंबाखू आडवी येते. बिडीचं सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्याकडे बायकांच्या मिश्रीला कुणी तंबाखू मानतच नाही आणि डॉक्टरांनी विचारलं तर 'व्यसन नाही' असंच उत्तर जातं. मिश्रीतही निकोटीनच असतं. ऑपरेशनच्या आधीपासून ती बंद हवी.

ऑपरेशनबद्दलचा संशय मला चुकीचा वाटत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली, हे 2019 साली सरकारी समितीनंच नोंदवलं. हा अनुभव गाठीशी असलेल्या माणसांनी डॉक्टरांना उलट विचारलंच पाहिजे: मज्जारज्जू दबलाय की फक्त नस? सहा महिने थांबलो तर काय होईल? जोड न लावता नसेची जागा मोकळी करता येईल का? दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला एका कुटुंबाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. आपलं ऑपरेशन त्यात बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावं.

आणि एक प्रश्न मुकादमाकडून पुढच्या हंगामाची आगाऊ उचल घेण्याआधीचा आहे: पुन्हा मोळी उचलता येईल का? मणके जोडले की वरच्या-खालच्या मणक्यांवर ताण वाढतो. एका जुन्या अभ्यासात दहा वर्षांत सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांना शेजारच्या जोडात नवा त्रास झालेला दिसला. शेजारच्या जोडाची ही झीज ऑपरेशनमुळेच होते की वयानंही, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. पण डोक्यावरचं ओझं तिला मदतच करणार. डॉक्टर 'जड उचलू नका' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पाण्याची बादली असते. आपलं जड म्हणजे काय, फळीवरून किती चढावं लागतं, हे त्यांना नीट सांगावं लागतं.