न अडवलेला गडी

अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘झोन रीड’ या चालीने गेल्या तीसेक वर्षांत जी उलथापालथ केली, तिचं श्रेय सहसा क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू हाती घेऊन चाल चालवणाऱ्या खेळाडूला, मिळतं. माझ्या मते त्या श्रेयातला मोठा वाटा पुढच्या फळीतल्या पाच धिप्पाड लाइनमनचा आहे.

या चालीचा पाया म्हणजे झोन ब्लॉकिंग. त्यात लाइनमनला माणूस नेमून दिलेला नसतो, जागा दिलेली असते. पाचही जण पहिलं पाऊल एकाच दिशेला टाकतात. समोर बचावपटू असेल तर त्याला भिडायचं. नसेल तर शेजाऱ्याबरोबर मिळून त्याच्या माणसाला रेटायचं, आणि बचावाच्या दुसऱ्या फळीतला लाइनबॅकर पुढे आला की दोघांपैकी एकाने सुटून त्याला गाठायचं. कोणी सुटायचं हे लाइनबॅकर कुठल्या बाजूने येतो त्यावर ठरतं, म्हणजे चाल सुरू झाल्यावर. प्रशिक्षक ॲलेक्स गिब्ज यांनी डेन्व्हर ब्राँकोज संघाकडून हे इतकं घोटून घेतलं, की १९९८च्या मोसमात चेंडू घेऊन धावणाऱ्या, म्हणजे रनिंग बॅक, टेरेल डेव्हिसने २,००८ यार्डांची मजल मारली.

दुखणं एकच होतं. धाव उजवीकडे असली की डावीकडचा शेवटचा बचावपटू, म्हणजे एंड, मागून येऊन धावणाऱ्याला पकडायचा. त्याला अडवायला माणूस खर्चावा तर पुढे एक कमी पडे.

उत्तर सापडलं वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला. सरावात क्वार्टरबॅक जेड ड्रेनिंगच्या हातून चेंडू नीट दिला गेला नाही. एंड रनिंग बॅकवर झेपावलेला पाहून तो स्वतःच रिकाम्या बाजूने पळाला. प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझ यांनी या चुकीचाच नियम केला : एंडला कोणी अडवायचंच नाही. तो आत झेपावला तर क्वार्टरबॅकने चेंडू ठेवायचा, जागेवर थांबला तर द्यायचा. हीच ती झोन रीड. एंड जे करील ते चुकीचंच, आणि त्याच्यावरचा माणूस लाइनबॅकरसाठी मोकळा.

रॉड्रिगेझ टुलेन विद्यापीठात आक्रमणाचे सूत्रधार असताना १९९८मध्ये तो संघ १२-० असा अजिंक्य राहिला. पुढे वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून, पॅट व्हाइट आणि स्टीव्ह स्लेटन या जोडीच्या बळावर, त्यांनी जानेवारी २००६च्या शुगर बोलमध्ये जॉर्जियाला ३८-३५ असं हरवलं.

बचावाने तोडही हुशारीने काढली. एंड मुद्दाम आत घुसे. क्वार्टरबॅक चेंडू ठेवून बाहेर पळे, तर तिथे लाइनबॅकर आधीच वळून उभा! मग आक्रमणाच्या टाइट एंडने बचावाच्या एंडला वळसा घालून थेट त्या लाइनबॅकरला गाठायचं ठरलं. ही चढाओढ मला कुठल्याही टचडाउनपेक्षा जास्त आवडते.

व्यावसायिक एनएफएलमध्ये असली चाल टिकणार नाही, असं अनेक जाणकार म्हणत. पण जानेवारी २०१३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉलिन कॅपर्निकने ग्रीन बेविरुद्ध १८१ यार्ड धाव घेतली. त्या आक्रमणाचे सूत्रधार ग्रेग रोमन पुढे बाल्टिमोरला आले. तिथे २०१९मध्ये लमार जॅक्सनने १,२०६ यार्ड धावून क्वार्टरबॅकचा विक्रम केला आणि संघाने ३,२९६ यार्डांचा. जॅक्सन घराघरांत पोचला. त्याच्या पुढच्या फळीतला गार्ड मार्शल यांडा मोसम संपल्यावर निवृत्त झाला, त्याची चर्चा फारशी झाली नाही.

पुढचा सामना पाहाल तेव्हा चेंडू मागे गेल्यावर क्षणभर नजर या पाचांवर ठेवा. कोण कोणाला सोडून पुढे जातो, तेवढं बघा.