छात्राध्यापकाची अध्यापनक्षमता कोठे घडते?

अध्यापक विद्यालयातून येणारा छात्राध्यापक पाठटाचण, फलकलेखन व प्रश्नकौशल्य शिकलेला असतो. तरीही विंझरच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील लहान शाळेत तो प्रथम उभा राहिला म्हणजे गोंधळून जातो. याचे कारण त्याचा आळस नव्हे. ज्या परिस्थितीत त्याचे कौशल्य घडले, ती निराळी होती.

सूक्ष्म अध्यापनाची पद्धती १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाली. पाच-दहा मिनिटांत एकच कौशल्य घ्यावयाचे, दोष समजून घेऊन पुन्हा शिकवावयाचे, ही तिची रीत उपयुक्त आहे. परंतु सरावाच्या वेळी बहुधा सहाध्यायीच विद्यार्थी होऊन समोर बसतात व त्यांना उत्तर आधीच ठाऊक असते. खरे मूल ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहिते. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करण्याची त्याची समजूत ओळखणे, ही क्षमता मुलांतच वावरून येते.

दुसरा भेद इयत्तांचा. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ अन्वये पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत पटाला दोन शिक्षक ठरविले आहेत. म्हणजे पाच इयत्ता दोघांनी सांभाळावयाच्या. दुसरीचे वाचन घेत असता चौथीस कोणता स्वाध्याय द्यावा, हे एका इयत्तेचे टाचण सांगत नाही.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने १९९८ मध्ये अध्यापकाच्या दहा क्षमता सांगितल्या. त्यांत आशयज्ञानाबरोबर परिस्थितीची जाण आणि पालक व समाज यांच्याशी सहकार्य यांचाही समावेश आहे. भातलावणीच्या दिवसांत एखादी मुलगी धाकट्या भावंडासाठी घरी राहिली, तर हजेरीपटावर गैरहजेरी मांडून भागत नाही. तिच्या घरी जावे लागते. प्रशिक्षणसंस्था शाळेच्या दैनंदिन जीवनापासून दुरावल्याचे कोठारी आयोगानेही (१९६४–६६) दाखवून दिले होते.

हा दुरावा कमी करणे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. छात्राध्यापक शाळेत आला म्हणजे रिकामा वर्ग त्याच्यावर सोपवून मोकळे होऊ नये. प्रथम त्यास आपले अध्यापन पाहू द्यावे. मग एक इयत्ता, आणि नंतर दोन इयत्ता एकत्र द्याव्या. टाचणावर स्वाक्षरी करण्यापूर्वी त्यास विचारावे, "आज कोणते मूल कोठे अडले?" उत्तर न आल्यास दुसऱ्या दिवशी त्याला मुलांच्या पाट्यावह्या तपासावयास बसवावे आणि तोच घटक पुन्हा घेण्यास सांगावे.